पुनव उलटल्यावरचा नारळ

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. काही दिनदर्शिका ती आदल्या दिवशी, शुक्रवारी दाखवतात; कुटुंबाने पाहिलेल्या पंचांगात ती शनिवारी होती. त्याच पंचांगात हेही सापडेल की पौर्णिमेची तिथी भारतातल्या दुपारी संपली, आणि ग्रीसमध्ये तेव्हा अजून सकाळ होती. त्या सकाळी कमलाबाई अथेन्सजवळच्या अलिमोस बंदरातल्या एका बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत सिडनीहून आणलेला नारळ होता. ज्या शिडाच्या नौकेवरून तो समुद्राला द्यायचा, ती आठवड्याभरासाठी भाड्याने घेतलेली नौका मात्र संध्याकाळपर्यंत ताब्यात मिळणार नव्हती.

पश्चिम सिडनीतल्या मराठी माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन करण्याचे काम मी करते. कमलाबाईंबद्दलचे हे टिपण त्यांच्याशी झालेल्या बैठका, त्यांची मुलगी चारुता आणि जावई हृषिकेश यांची स्वतंत्र कथने, आणि प्रवासातली छायाचित्रे यांवर आधारलेले आहे. जिथे ही साधने एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे मी तसे म्हटले आहे.

कमलाबाईंचा जन्म रेवदंड्याजवळच्या एका कोळीवाड्यातला. वडील एका लहान होडीचे नाखवा, म्हणजे मालक आणि तांडेल (होडी हाकणारा) दोन्ही. आई मासे विकायची. लग्नानंतर त्या ठाण्याला गेल्या. पती शिवराम यंत्रदुरुस्तीतले तंत्रज्ञ होते. त्यांना सिडनीत काम मिळाले तेव्हा कुटुंब इकडे आले, चारुता तेव्हा शाळेत होती. शिवराम काही वर्षांपूर्वी वारले. कमलाबाईंनी स्वतःची सारी नोकरी वेस्टमीडच्या एका रुग्णालयात काढली, तीही रुग्णांच्या नजरेस कधीही न पडणाऱ्या विभागात. शस्त्रक्रियेची उपकरणे तिथे धुतली जातात, भिंगाखाली तपासली जातात आणि वाफेत निर्जंतुक होऊन परत जातात. कात्रीच्या सांध्यात काही अडकले आहे का, हे दिव्याखाली पाहण्यात त्यांचे दिवस गेले. सहकारी त्यांना ‘कॅमी’ म्हणत. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. “कमला म्हणायला त्यांची जीभ वळते, पण वेळ नसतो,” असे त्या म्हणाल्या.

निवृत्तीच्या दिवशी विभागात मॉर्निंग टी होता. लॅमिंग्टन केक होते, कार्ड होते, आणि चारुताने आग्रहाने आणलेल्या करंज्या होत्या. तिथेच हृषिकेशने सगळ्यांसमोर जाहीर केले की तो आणि चारुता आईंना भूमध्य समुद्रात घेऊन जाणार आहेत. एक आठवडा, शिडाची नौका, ग्रीसची बेटे आणि जुनी बंदरे. सोबत त्याच्या ऑफिसातला मित्र यतीन. हृषिकेश मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याने आठवडाही मुद्दाम निवडला होता. भाड्याच्या नौका तिथे शनिवार ते शनिवार मिळतात, आणि नारळी पौर्णिमा बरोबर शनिवारी येत होती.

“आमच्या आई कोळी आहेत,” त्याने सगळ्यांना समजावले. “समुद्र त्यांच्या रक्तात आहे.”

या विधानाला आधार काय होता, असे मी त्याला नंतर विचारले. तो गोंधळला.

“आधार? अगं, कोळी आहेत ना त्या!”

“त्यांनी कधी सांगितलं होतं, होडीवर जायच्या म्हणून?”

“सांगायला कशाला हवं? तू मला विचारतेस का, पुण्याचा आहेस तर सायकल येते का म्हणून?”

“येते?”

“नाही,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला.

कमलाबाईंनी त्या दिवशी काहीच दुरुस्त केले नाही. कार्डावर कुणीतरी जहाजाच्या नांगराचे चित्र काढले होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. “इतक्या मायेनं कोणी ताट वाढलं, की त्यातलं काय खात नाही हे सांगायचं नसतं,” एवढेच त्या मला म्हणाल्या. वस्तुस्थिती अशी होती की त्यांनी आयुष्यात कधीच समुद्रात होडीने प्रवास केला नव्हता. खाडी ओलांडणारी तरीची नाव आणि सिडनीतल्या सर्क्युलर कीहून सुटणारी फेरी-बोट, एवढाच त्यांचा अनुभव. त्यांच्या घरात बाईमाणूस होडीवर पाय ठेवत नसे. पुरुष दर्यावर जात, बाया किनाऱ्यावर थांबत, मासळी उतरली की टोपल्या उचलत. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ मिरवत किनाऱ्यापर्यंत जायचा, बाया पूजा करायच्या, गाणी म्हणायच्या, आणि तिथून पुढे नारळ पुरुषांच्या हातात जायचा. (हा त्यांच्या घरचा रिवाज. इतर कोळीवाड्यांत वेगळा असू शकतो, असतोही.)

लहानपणी एका पौर्णिमेला त्यांनी वडिलांकडे हट्ट धरला होता: मला होडीतून ने, नारळ मी सोडणार. वडील म्हणाले, “पुढच्या पुनवेला.” पुढची पुनव आली तेव्हा त्यांना नेले नाही. त्यानंतर होडी विकली गेली.

तर ग्रीसला जाताना कमलाबाईंच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी होत्या. समुद्राची खरीखुरी धास्ती. आणि जमीन मागे पडेल इतक्या आत जाऊन, स्वतःच्या हाताने एक नारळ सोडायचा, ही इच्छा. दोन्हींपैकी एकही त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. नारळ तेवढा त्यांनी वेंटवर्थव्हिलच्या दुकानात कानाशी हलवून, निवडून घेतला.

त्या नारळाने अथेन्सच्या विमानतळावर थोडी करमणूक केली. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या माणसाला विमानतळावर फळ, बी, लाकूड, काहीही लपवायची छातीच होत नाही. सफरचंद पिशवीत राहिले तरी घाम फुटतो. हृषिकेश नारळ हातात उंच धरून, काही जाहीर करायचे असणाऱ्यांच्या लाल रांगेत गेला. तिथे कोणीच नव्हते. तो अधिकारी शोधत फिरला. शेवटी एक बाई कॉफी घेऊन येताना दिसल्या.

“मला हे जाहीर करायचं आहे,” तो इंग्रजीत म्हणाला.

“हे काय आहे?”

“नारळ.”

“ते दिसतंय मला. त्यात काय आहे?”

“पाणी,” हृषिकेश म्हणाला. “आणि खोबरं.”

त्या बाईंनी घोटभर कॉफी घेतली आणि हाताने दार दाखवले. यतीन हा प्रसंग आठवडाभर रोज सांगत होता.

शनिवारी संध्याकाळी नौका ताब्यात आली. तिचा तांडेल स्टेलिओस हा भाड्यानेच ठरवलेला, साठीच्या आसपासचा माणूस. तरुणपणी काही वर्षे मेलबर्नच्या ओकलीत मामाच्या बेकरीत राहिलेला, त्यामुळे त्याच्या इंग्रजीत ‘नो वरीज’ आणि ‘मेट’ हे शब्द जागोजागी येत. कमलाबाईंना मात्र तो ‘कीरिया’ म्हणे; आपल्याकडच्या ‘बाईसाहेब’सारखे. त्याने नियम सांगितले: डेकवर उघड्या पायांनी धावायचे नाही, संडासात कागद टाकायचा नाही, नौकेवरून पाण्यात काहीही फेकायचे नाही.

हृषिकेश फोनवर पंचांग पाहत होता. त्याचा चेहरा उतरला.

“आई, तिथी तर सकाळीच संपली. मी तारीख बघितली, वेळ बघितलीच नाही. आता निदान इथल्या इथे तरी सोडू या का? अजून शनिवारच आहे.”

“या डिझेलच्या पाण्यात?” कमलाबाई म्हणाल्या. “दर्याला देतात नारळ, गॅरेजला नाही. उद्या बाहेर गेल्यावर बघू.”

“पण पौर्णिमा?”

“दर्याला काय कोणी कॅलेंडर वाचून दाखवतं, जावईबापू?”

रविवारी नौका एजिना बेटाकडे निघाली. बंदराच्या भिंतीबाहेर पडताच लाटा आडव्या आल्या. वादळ वगैरे नव्हते. त्या दिवशीच्या छायाचित्रांत आकाश निळे आहे आणि यतीन आइस्क्रीम खातो आहे. पण कमलाबाई त्या छायाचित्रांत नाहीत. त्या खाली केबिनमध्ये बादली धरून बसल्या होत्या. पोटात जेवण राहिले नाही, पाणी राहिले नाही, आल्याची वडी राहिली नाही. एजिनाला पोहोचेपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

एजिनाचे बंदर जुने आहे. धक्क्याच्या टोकाशी पांढरे, घुमटाचे, एका खोलीएवढे देऊळ आहे, खलाशांच्या संताचे. नौका धक्क्याला बांधल्यावर कमलाबाईंना नौकेच्या मागच्या बाकावर, सावलीत आणून बसवले. स्टेलिओस पिस्त्यांची पुडी घेऊन आला, पण पुडी पुढे न करता हातातच धरून म्हणाला, “कीरियाला इथून फेरीने परत पाठवा. या वयात इतकं पाणी अंगातून जाणं बरं नाही. अथेन्सला, पिरियस बंदराजवळ हॉटेलात आराम करतील, तुम्ही शनिवारी भेटा.”

चारुता स्वतः फिजिओथेरपिस्ट. तिलाही तेच वाटत होते. तिने फोन काढला. “मी जाते आईबरोबर. संध्याकाळची फेरी आहे. आई, तुझी बॅग मी भरते, तू उठू नकोस.”

“पण मला कळत नाही,” हृषिकेश म्हणाला. त्याच्या आवाजात टीका नव्हती, निव्वळ आश्चर्य होते. हे चारुतानेही मुद्दाम सांगितले. “आई, तुम्हाला लाटा काय नव्या आहेत?”

“नव्याच आहेत,” कमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पदराने ओठ टिपले.

“मी होडीवर कधी गेलेच नाही रे. बापूस जायचा. भाऊ जायचा. आम्ही वाळूवर उभ्या.”

“आई!” चारुताचा फोन हातातच राहिला. “मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी? सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. कोळीण म्हणजे पोहते, होडी चालवते, नाचते. आता नाचते मी, ते खरं. बाकीचं तुमचं तुम्हीच जोडलंत.”

यतीन म्हणाला, “हृषी, तू सासूबाईंना पोहता न येणाऱ्या माशासारखं समुद्रात आणून सोडलंस, यार.”

“गप रे तू!”

हृषिकेश कानापर्यंत लाल झाला होता. “सॉरी, आई. खरंच सॉरी. मी विचारायला हवं होतं. चारू, तिकीट काढ. आपण सगळेच परत जाऊ.”

तेव्हा कमलाबाई ज्या बोलीत सिडनीत त्या कुणाशीच बोलत नाहीत, त्या कोळी बोलीत म्हणाल्या, “मना नाय उतराचा.”

मग त्यांनी नारळाचे सांगितले. वडिलांचा शब्द, न आलेली पुनव, आणि किनाऱ्यापाशी दुसऱ्याच्या हातात जाणारा नारळ. चारुताने हे सारे तिथे पहिल्यांदा ऐकले. ती म्हणाली, “आई, नारळ इथून, धक्क्यावरूनसुद्धा सोडता येईल की.”

“धक्क्यावरून मी रेवदंड्यालाही सोडला असता,” कमलाबाई म्हणाल्या. “त्याला ग्रीस कशाला?”

हे सगळे मराठीत चालले होते. स्टेलिओसला चारुताने थोडक्यात इंग्रजीत सांगितले. त्याने आधी पिस्त्यांची पुडी कमलाबाईंसमोर ठेवली, जणू आता ती द्यायला हरकत नव्हती. मग अट घातली. उद्या पोरोस बेटापर्यंत. खाली केबिनमध्ये जायचे नाही, वर वाऱ्यावर राहायचे. पोरोसला पोहोचेपर्यंत पुन्हा असेच झाले तर तिथल्या फेरीत तो स्वतः बसवून देईल, आणि वाद ऐकणार नाही.

“नो वरीज,” कमलाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या सुकाणूच्या चाकापाशी कशा पोहोचल्या, याबद्दल तीन कथने आहेत. हृषिकेशच्या मते कल्पना त्याची. नौका चालवणाऱ्याला मळमळत नाही, हे त्याने कुठेतरी वाचले होते. चारुताच्या मते स्टेलिओसनेच त्यांना हाताला धरून उभे केले. कमलाबाईंच्या मते त्यांनी कुणालाही न विचारता चाक धरले, “धरायला दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून.” यतीनने काढलेल्या छायाचित्रात त्यांचे दोन्ही हात चाकावर आहेत आणि स्टेलिओस पाऊलभर मागे, हात मागे बांधून उभा आहे. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. यतीनलाही मी विचारले; त्या चाकापाशी गेल्या तेव्हा तो खाली कॉफी करत होता, छायाचित्र नंतरचे.

“लाटेकडे बघू नका, कीरिया,” स्टेलिओस म्हणाला. “ते दूर बघा. पोरोसचा डोंगर. त्याच्या खांद्यावर नजर ठेवा आणि हलवू नका.”

एका बिंदूवर नजर रोखून धरण्याची कमलाबाईंना आयुष्यभराची सवय होती. त्यांनी डोंगराचा निळसर खांदा भिंगाखालच्या कात्रीसारखा धरला. पोट ढवळले, पण उलटले नाही. उजवीकडे मेथाना द्वीपकल्पाचे काळपट डोंगर हळूहळू मागे सरकू लागले. वारा बाजूने येत होता, शीड भरले होते, आणि चाकातून नौकेचे ओढणे हाताला कळत होते. “म्हशीचं दावं धरल्यासारखं,” त्या मला म्हणाल्या. ती जिकडे ओढते तिकडे थोडे जाऊ द्यायचे आणि मग सांगायचे की बस.

एक मोठी वेगवान फेरी जवळून गेली. तिच्या मागच्या लाटा येताना पाहून स्टेलिओस ओरडला, “लाटेच्या अंगावर घाला, अंगावर!” कमलाबाईंनी चाक नेमके उलट्या बाजूला फिरवले. नौका आडवी डोलली. खालून भांडी पडल्याचा आवाज आला आणि यतीन गरम कॉफी शर्टावर घेऊन वर आला.

“आई, माझ्याशी काही वैर आहे का तुमचं?”

“मासा म्हणालास ना कोणाला काल?”

हसताना पोटातली ढवळ थांबली, असे चारुता म्हणते. कमलाबाई म्हणतात की ती आधीच थांबली होती.

जमीन मागे पडली आणि पोरोस अजून दूर होता, अशा ठिकाणी त्यांनी चाक स्टेलिओसकडे दिले आणि हृषिकेशला पिशवी आणायला सांगितले. नारळ सोनेरी कागदात होता. स्टेलिओसने नकारार्थी मान हलवली. नियम नियमच, पाण्यात काही फेकायचे नाही. कमलाबाईंना यात अपमान वाटला नाही; नियम असतो तिथे तो कशासाठी असतो हे त्यांना नोकरीने शिकवले होते. त्यांनी कागद सोडवला, दोरा सोडवला, दोन्ही घडी करून ओच्यात खोचले, आणि नुसता नारळ, शेंडीसकट, पुढे धरला.

“कोणासाठी आहे हा?” स्टेलिओसने विचारले.

“समुद्रासाठी.”

त्याने विचार केला. “आमच्याकडे जानेवारीत पाद्री समुद्रात क्रॉस टाकतो. मग पोरं उड्या मारून तो परत काढतात. तुमचा नारळ कोण काढतं?”

“कोणी नाही. दिलेलं परत काढायचं नसतं.”

नुसत्या नारळाला हरकत नाही, असे म्हणून स्टेलिओसने शीड उतरवले आणि नौकेच्या मागची फळी पाण्यापर्यंत खाली सोडली. चारुताने आईचा दंड धरला. कमलाबाई फळीवर बसल्या, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. नारळ त्यांनी फेकला नाही. दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला, जसे झोपलेले मूल अंथरुणावर ठेवतात, आणि हात काढून घेतले.

नारळ गेला नाही. नौकाही वाहत होती, नारळही वाहत होता, आणि तो फळीच्या आसपासच डुलत राहिला. एकदा तर येऊन त्यांच्या पायाला लागला.

“आई, परत आला!” यतीन म्हणाला. “पौर्णिमा उलटल्यावर स्वीकारत नाहीत वाटतं.”

“यतीन!” चारुता आणि हृषिकेश एकदमच ओरडले.

कमलाबाईंनी मात्र पायानेच त्याला हळू बाजूला केले. “घाई नाही त्याला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं थांबलाय.” मग वाऱ्याने नौका थोडी फिरली, मधले पाणी वाढले, आणि नारळ एक तपकिरी ठिपका झाला.

त्या उठल्या तेव्हा हृषिकेश पुन्हा सॉरी म्हणू लागला. त्यांनी त्याला थांबवले. त्यांचे पुढचे वाक्य तिन्ही कथनांत जवळजवळ शब्दशः सारखे आहे, म्हणून ते मी विश्वासाने देते: “चुकीचं कारण धरलंस, पण जागा बरोबर आणलीस. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. माझ्या बापाला जमलं नाही ते तू केलंस, बाबा. देव तुझं भलं करो.”

हृषिकेश हे सांगताना खिडकीबाहेर पाहत होता.

पोरोसला कुणीही फेरीची चौकशी केली नाही. उरलेला आठवडा कमलाबाई बराच वेळ चाकापाशी होत्या. एकदा पुन्हा बेजार झाल्या, पण उतरण्याचा विषय निघाला नाही. हायड्रा बेटावर मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जाते. त्या खेचरांच्या पायऱ्या चढण्याचे त्यांना फार कौतुक वाटले. पोरोसच्या धक्क्यावर मासे त्यांनी पाहिले आणि विकत घेतले नाहीत, का ते सांगितले नाही. एपिदाव्रोसच्या जुन्या बंदरात पाण्याखाली बुडालेल्या भिंती दिसतात. तिथे त्या फळीवर बसून राहिल्या. निरोप घेताना त्यांनी स्टेलिओसला वाकून नमस्कार केला. तो गोंधळून स्वतःही वाकला आणि दोघांची डोकी आपटली.

आमची शेवटची बैठक वेस्टमीड स्टेशनजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, एका दुपारी झाली. सोनेरी कागद घडी करून देवघरात ठेवलेला होता. ध्वनिमुद्रण थांबवण्याआधी मी विचारले की तो नारळ नारळी पौर्णिमेचा मानायचा का. तिथीने तो नव्हता. त्या म्हणाल्या, “तुझ्या कागदावर काय लिहायचं ते लिही, पोरी. मी कोणाकोणाचे आभार मानायचे तेवढं मला ठाऊक आहे.” मग त्यांनी नावे घेतली: जावई, मुलगी, स्टेलिओस, कॉफी सांडलेला यतीन, आणि शेवटी वडील. “कारण शब्द तर त्यानंच दिला होता.”

काही गोष्टी मला निश्चित करता आलेल्या नाहीत. होडीवर बाईने पाय न ठेवणे हा त्या संपूर्ण कोळीवाड्याचा रिवाज होता की फक्त त्या घराचा, याबद्दल तिथल्या ज्या दोन वृद्धांशी मी फोनवर बोलले, त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. नौका त्या सोमवारी नेमकी कुठे थांबली, हेही नक्की नाही. यतीनच्या फोनमधली नोंद मेथानाजवळ तुटते. आणि दिलेल्या शब्दानंतरच्या पुनवेला वडिलांनी कमलाबाईंना होडीत का घेतले नाही, रिवाजामुळे, समुद्र खवळल्यामुळे, की ते साफ विसरले, हे कळलेले नाही. सांगू शकेल असे कोणीही आता हयात नाही.